पुसू नका, टिपा

बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की घरात लाळेरी निघतात. हनुवटी ओली, झबल्याचा गळा ओला, दोन्ही मुठी तोंडात, आणि तोंडाभोवती लालसर, खरखरीत पुरळ. दुखणं म्हणून हे अगदी किरकोळ. पण ते चेहऱ्यावर असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरतं, आणि प्रत्येकाकडे त्यावर एक उपाय असतो. घरात दोन पिढ्या असल्या तर दोन टोकांचे उपाय असतात, आणि दोन्ही त्याच एवढ्याशा हनुवटीवर होतात.

खालचं बोलणं रत्नागिरीतल्या एका घरातलं आहे. केतकी पुण्यात नोकरी करते. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपायच्या आत पाच महिन्यांच्या चिनूला घेऊन ती ऐन आषाढात सासरी आली आहे. आजी म्हणजे तिच्या सासूबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, तीन मुलं वाढवलेल्या. आजींचं म्हणणं असं, की चेहऱ्याला काही चोपडू नका, कोरडा ठेवा, दात आले की जाईल. केतकीचं म्हणणं, बाळाला होतंय ते डोळ्यांना दिसतंय, तर काहीतरी करायलाच हवं. मध्येमध्ये मी माझं मत घातलं आहे. दोघींच्याही म्हणण्यात अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा त्रास बाळाला होतो.

आजी: अगं, पुन्हा पुसलंस? आत्ता तर पुसलं होतंस.

केतकी: परत ओघळ आला, आई. ओलं राहिलं की लाल होतं, म्हणून पुसते.

आजी: दात येतायत त्याला. लाळ गळणारच. माझ्या निखिलची तर दीड वर्षाचा होईस्तोवर गळत होती. झबली बदलून बदलून हात दुखायचे.

केतकी: पण दात कुठे दिसतोय? हिरडी चाचपून बघितली, काहीच लागत नाही. आणि लाळ तर तिसऱ्या महिन्यापासून सुरू आहे. दाताचं म्हणावं तर इतक्या आधी?

आजी: आत हालचाल सुरू होते गं. आधी लाळ, मग दात.

केतकी: शेजारच्या काकू काल वेगळंच म्हणाल्या. म्हणाल्या, हिचे डोहाळे कुणी पुरवले नाहीत का? म्हणून पोराची लाळ गळते.

आजी: त्या तसं म्हणायच्याच. आमच्या वेळीही म्हणायच्या. माझे डोहाळे सगळे पुरवले होते, माझ्या आईने कैऱ्या पाठवल्या होत्या गावाहून, तरी तिन्ही मुलांची लाळ गळली. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आजींनी हे एका वाक्यात निकालात काढलं, याचा मला आनंद झाला. डोहाळ्यांचं हे बोलणं आपल्याकडे इतक्या सहज केलं जातं, की बोलणारीला त्यात काही टोचणारं आहे असं वाटतही नाही. पण ऐकणारी नुकती बाळंतपणातून उठलेली असते, रात्रीची झोप धड झालेली नसते, आणि बाळाला काहीही झालं की आपलंच काही चुकलं असं तिला आधीच वाटत असतं. लाळेचा आणि डोहाळ्यांचा काही संबंध नाही. दोन-तीन महिन्यांनंतर बाळाच्या लाळग्रंथी जोमाने काम करू लागतात. लाळ तयार होते, पण ती वेळच्या वेळी गिळणं आणि ओठ मिटून ठेवणं बाळाला अजून जमत नसतं. त्यात ते हाती लागेल ते तोंडात घालतं, त्याने लाळ आणखी सुटते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, बहुतेकदा खालचे पुढचे दोन. कुणाला चौथ्या महिन्यात, कुणाला वाढदिवस होऊन गेल्यावर. दात वर येताना लाळ वाढते हे आजींचं खरंच आहे. पण दात दिसत नाही म्हणून काळजी नको, आणि एक दात आला म्हणून लाळ थांबेल अशी आशाही नको. दीड वर्षापर्यंत लाळ गळणं यात वावगं काही नाही.

म्हणजे हे चार दिवसांचं काम नाही, वर्षभराचं आहे. एवढा काळ निभेल असंच काहीतरी हवं.

केतकी: गळू दे म्हणून सोडून देऊ का मग? बघा, इथे ओठाच्या कोपऱ्याखाली कसं झालंय. काल बारीक पुटकुळ्या होत्या, आज सलग लाल चट्टा आहे. आणि गळ्याच्या वळीत पण.

आजी: सोडून दे नाही म्हणत. तू ज्याने पुसतेस ना, ते बघ जरा. त्या पाकिटातल्या ओल्या कागदाने. वास केवढा येतो त्याला! आणि पुसतेस कशी? गालापासून ओढत हनुवटीपर्यंत. पोर मान फिरवतंय, म्हणजे झोंबतंय त्याला.

केतकी: बेबी वाइप्स आहेत आई, बाळांसाठीच असतात.

आजी: असतील. तोंडाभोवती लाल झालेल्या कातडीवर तू स्वतः लावून बघ.

केतकी: आणि तुम्ही पदराने पुसता त्याचं काय? खळ घातलेल्या साडीच्या पदराने. सकाळी त्याच पदराला तुम्ही फोडणीचा हात पुसलात.

आजी: खरं आहे. हात आपोआप जातो.

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे, म्हणून इथे थांबते. लाळ त्वचेवर राहिली की त्वचा भिजून मऊ पडते. लाळेत अन्न पचवायला लागणारे रस असतात, ते त्या भिजलेल्या त्वचेला चावतात. मग ती वाळते, पुन्हा भिजते, पुन्हा वाळते. बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो, तो हा मारा सोसत नाही. इथपर्यंत लाळेचा दोष. पण या भिजून हळव्या झालेल्या त्वचेवरून दर पाच-दहा मिनिटांनी कापड घासलं, की खरी झीज सुरू होते. लाळेने सुरुवात केलेली असते आणि आपल्या पुसण्याने पुरळ वाढीला लागतं. ज्या घरात बाळाकडे सर्वांत जास्त लक्ष असतं, तिथेच पुष्कळदा हनुवटी सर्वांत लाल असते, ती यामुळे.

आजींनी मग केतकीला करून दाखवलं. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, चार पदरी घडी घातलेला. तो हनुवटीवर ठेवला, हलकासा दाबला, दोन क्षण तसाच राहू दिला, आणि सरळ वर उचलला. इकडेतिकडे सरकवला नाही. घडीची बाजू बदलली आणि गळ्याची वळी बोटाने हलकेच उघडून तिथेही तेच केलं. चिनूने मान फिरवली नाही.

आजी: हे असं टिपायचं. शाळेत शाई सांडली की टीपकागद ठेवायचो, घासायचो नाही.

केतकी: आणि साबण?

आजी: तोंडाला कशाला साबण? कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, दूध प्यायल्यावर एकदा. मग कोरड्याने टिपायचं. मग अंमळ पावडर मारायची, म्हणजे कोरडं राहतं.

केतकी: पावडर नको आई. मुळीच नको.

आजी: का? तिन्ही मुलांना लावली मी.

केतकी: तोंडाजवळ पावडर मारली की ती हवेत उडते आणि बाळाच्या श्वासातून आत जाते. बारीक भुकटी असते, फुप्फुसाला त्रास होतो. आणि लाळ लागली की तिचा लगदा होतो. परवा त्याच्या गळ्याच्या वळीत बघितलं ना आपण? पांढऱ्या गुठळ्या झाल्या होत्या आणि त्याखाली सोललेलं होतं.

आजी: ते मला दुधाचं वाटलं.

केतकी: थोडं दुधाचं असेल. पण चिकटून राहायला पावडर होतीच.

आजी: बरं, नको पावडर. मग कोरडं कसं ठेवणार? तू तर ते चिकट मलम थापतेस. ओल्यावर चिकट, त्याच्यावर पुन्हा लाळ. कातडीला वारा लागायला नको का?

केतकी: मलम म्हणजे साधी पेट्रोलियम जेली आहे, आई. बिनवासाची.

इथे दोघी एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या आणि दोघींनाही ते कळलं नव्हतं. आजी म्हणत होत्या कोरडं हवं, केतकी म्हणत होती झाकलेलं हवं. दोन्ही हवं, पण क्रमाने. ओल्या त्वचेवर जेली लावली तर लाळ खाली अडकून राहते आणि आजींचा आक्षेप खरा ठरतो. नुसती कोरडी ठेवायची म्हटलं तर पुढच्या ओघळाला त्वचा उघडीच सापडते. आधी टिपून पूर्ण कोरडं, मग अगदी पातळ थर. पेट्रोलियम जेली जुनी गोष्ट आहे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यात पुरळ बरं करणारं औषध असं काही नाही. ती फक्त पाणी अडवते, आणि त्या आडोशाखाली त्वचा आपली आपण भरून येते. झिंक ऑक्साइडचं साधं मलमही हेच काम करतं. मात्र ते तोंडाच्या अगदी कडेला लावलं तर बाळ चाटतं, म्हणून ते गळ्याच्या वळीसाठी ठेवावं आणि हनुवटीला जेली लावावी.

केतकी: दिवसातून किती वेळा लावायची, हे मला अजून नीट जमत नाही. पुरळ दिसलं की लावते.

आजी: दिसल्यावर लावून काय उपयोग? लाळ यायच्या आधी लावायला हवं ना, तुझंच म्हणणं खरं धरलं तर. फणस फोडताना आपण हाताला तेल कधी लावतो? आधी. चीक लागल्यावर तेल लावत बसलं तर काय होतं ते ठाऊक आहे ना?

केतकी: आई, हे फार बरोबर बोललात. म्हणजे दुधाच्या आधी, झोपवायच्या आधी.

आजी: आणि बाहेर न्यायच्या आधी. वारा लागला की ओलं तोंड जास्त फुटतं.

केतकीच्या सगळ्या वाचनात जे सुटलं होतं, ते आजींच्या फणसाने सांगितलं. थर लावायचा तो दूध पाजण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी. झोपेत लाळ गालाखाली साचते आणि तास-दोन तास कुणाचं लक्ष जात नाही, त्यामुळे सकाळी एकच गाल लाल दिसतो. बाळ ज्या कुशीवर मान टाकून झोपतं तो गाल.

आजी: मग खोबरेल तेल का नको? घरचं आहे, आपल्या माडांचं. जेलीला दुकानात जायला लागतं.

केतकी: खोबरेल चालेल. मी वाचलंय त्याबद्दल. फिलिपिन्समध्ये 1 ते 13 वर्षांच्या 117 मुलांवर अभ्यास झाला होता, 2014 साली छापून आला. एक्झिमा असलेली मुलं होती. निम्म्यांना शुद्ध खोबरेल, निम्म्यांना खनिज तेल, 8 आठवडे. खोबरेलवाल्यांची त्वचा जास्त सुधारली.

आजी: बघ! तिकडेही माडच असणार.

केतकी: पण ती मोठी मुलं होती, आणि दुखणं वेगळं. लाळेपुढे तेल टिकत नाही, आई, लगेच धुऊन जातं. आंघोळीआधी अंगाला लावतो तसं तोंडाला लावू. पाजायच्या आधी मात्र जेलीच. आणि डाळीचं पीठ, हळद, साय चेहऱ्याला नको. पीठ भरड असतं, घासलं जातं. लाल कातडीवर तर नकोच.

आजी: साईने कधी कुणाला काही झालेलं नाही.

केतकी: झालं नसेल. पण आत्ता कातडी सोललेली आहे. आत्ता जे कमीत कमी लागेल तेवढंच.

आजींनी साय सोडली की नाही, मला माहीत नाही. पण केतकीचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सोललेल्या त्वचेवर प्रत्येक नवी वस्तू म्हणजे नवी जोखीम. सुवासिक बेबी लोशन, चंदनाचा लेप, कडुनिंबाचं पाणी, आज हे, उद्या ते. पुरळ कशाने कमी झालं आणि कशाने चिघळलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. कोमट पाणी, मऊ सुती कापड, एक बिनवासाची जेली. यापलीकडे साध्या लाळेच्या पुरळाला काही लागत नाही.

केतकी: आई, रागावणार नसाल तर अजून एक. हा गळ्यातला काळा दोरा.

आजी: तो माझ्या बहिणीने मंतरून आणलाय.

केतकी: ठाऊक आहे. पण हात लावून बघा. ओला आहे. सकाळपासून ओला आहे. वळीत रुतून बसतो आणि तिथेच सगळ्यात जास्त लाल झालंय.

आजी: (दोरा बोटाने उचलून बघत) अगं हो की. वास पण येतोय.

केतकी: शिवाय झोपेत गळ्याला आवळला तर? तुम्ही म्हणाल तर पाळण्याला वर बांधू. जिथे त्याचा हात पोचणार नाही, तिथे.

आजी: पाळण्याला बांध. नजर काय, पाळण्यालाही लागतेच.

आणि तीट? ती हनुवटीवर किंवा गालावर लावायची ठरलेली जागा, आणि लाळेने ती तोंडात जाते. बाजारच्या काजळात शिसं सापडलेलं आहे. बाळाच्या पोटात शिसं जाऊ नये, यात तडजोड नाही. घरात हौस असेल तर तळपायाला लावावी, तिथे लाळ पोचत नाही. पण पाय तोंडात घालायचं वय आलं की तीही बंद.

लाळेऱ्यांवर दोघींचं जे बोलणं झालं ते मला सगळ्यांत जास्त भावलं, कारण तिथे आजींचं पारडं सरळसरळ जड होतं. केतकीने पुण्याहून चार लाळेरी आणली होती. सुंदर होती. वर चित्रं, मागे प्लास्टिकचं अस्तर, गळ्याला वेल्क्रो.

आजी: ही बाजूला ठेव. खायला लागला की घाल, पाच मिनिटं. दिवसभर नको.

केतकी: मागे प्लास्टिक आहे, म्हणजे झबलं भिजत नाही.

आजी: झबलं भिजत नाही, पण लाळ जिरत पण नाही. वरच्या वर राहते आणि गळ्यालाच परत लागते. आणि हा टेप बघ, मानेला घासतो. मी सुती साडी फाडलीये. ही दहा वर्षांची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. पंचवीस तुकडे होतील. दोन पदर शिवायचे, गळ्याला नाडी नको, एक टिच बटण मागे.

केतकी: पंचवीस?

आजी: या पावसात वाळतायत का? दोन दिवस दोरीवर असतात. दमट लाळेरं बांधलं तर न बांधल्यापेक्षा वाईट. आणि कुबट वास आला तर परत धुवायचं, तसंच घालायचं नाही. पंख्याखाली वाळवायचं आणि वर इस्त्री फिरवायची, म्हणजे आतला ओलावा जातो.

केतकी: मी कपडे मऊ करणारं ते सुवासिक पाणी शेवटच्या धुण्यात घालते, ते बंद करते मग. आणि साबण दोन पाण्यांनी काढते.

आजी: तीन पाण्यांनी. आणि झोपला की लाळेरं सोडायचं. गळ्यात काही ठेवून पोराला झोपवायचं नाही.

लाळेरं ओलं झालं की बदलायचं, एवढा एक नियम पाळला तर गळ्याचं आणि छातीचं पुरळ बहुतेक थांबतं. ओलं लाळेरं गळ्याभोवती राहिलं तर त्याने त्रासच होतो. कोकणात आषाढ-श्रावणात हे कठीण आहे हे खरं, म्हणून आजींचे पंचवीस तुकडे. विदर्भात, मराठवाड्यात हिवाळ्यात उलट होतं. कपडे तासाभरात वाळतात, पण कोरड्या थंड वाऱ्याने लाळेने भिजलेले गाल उकलतात. तिथे जेलीचा थर जास्त वेळा लावावा लागतो.

केतकी: पुढच्या महिन्यात उष्टावण. मग आणखी वाढेल का हो?

आजी: वाढतं थोडं. भात, डाळ ठीक. टोमॅटोचं सार, मोसंबीचा रस तोंडाभोवती लागला की लालेलाल होतं. निखिलला व्हायचं. आम्हाला वाटायचं पोटातली उष्णता.

केतकी: आंबट लागून होत असेल. म्हणजे इथेही फणसाचं तेल. भरवायच्या आधी जेली.

आजी: आणि भरवल्यावर चमच्याने तोंड खरवडायचं नाही. तू नाही, तुझा नवरा तसं करतो.

केतकी: त्याच्या दाढीचं पण सांगा त्याला. दोन दिवसांची वाढलेली दाढी घेऊन गालाला गाल घासतो.

आजी: सांगते. बापाने पोराला घ्यायचं, पण गुळगुळीत होऊन.

आता एक गोष्ट, जिच्यावर दोघींचं एकमत होतं आणि दोघीही चुकत होत्या. केतकीच्या एका नातेवाइकाने मलमाची एक ट्यूब दिली होती. त्यांच्या मुलाला दोन दिवसांत गुण आला होता. आजी म्हणाल्या, लावून बघ, गुण आलाय ना. केतकीलाही मोह झाला. ट्यूबवर तीन औषधांची नावं होती: एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टिरॉइड. असली मिश्र मलमं आपल्याकडे नायटा, खाज, पुरळ, गजकर्ण, सगळ्यालाच लावली जातात, आणि लाली खरोखर दोन दिवसांत उतरते, कारण स्टिरॉइडने दाह दबतो. लावणं थांबवलं की ती परत येते, बऱ्याचदा जास्त येते. मग पुन्हा ट्यूब. काही आठवड्यांत तोंडाभोवतीची त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, किंवा तोंडाभोवती पुटकुळ्यांचं नवंच पुरळ उठतं. बाळाच्या त्वचेतून औषध शरीरात शोषलंही जास्त जातं. केंद्र सरकारने 2018 मध्ये त्वचेला लावायची स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती घराघरांत पोचतात, ती या अशा प्रेमाच्या देवाणघेवाणीतून.

स्टिरॉइड म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. डॉक्टर बाळाला तपासून सौम्य मलम तीन-चार दिवसांसाठी देतात, आणि तेव्हा ते लावावं. कुणाच्या तरी घरातली अर्धी वापरलेली ट्यूब हा वेगळा प्रकार आहे. केतकीने ती परत पिशवीत ठेवली. मला वाटतं, ती टाकून द्यायला हवी होती.

आजी: मग डॉक्टरकडे कधी जायचं? दर लाल ठिपक्याला तर जाणार नाही.

केतकी: मला तेच कळत नाही. मी तर रोज जाईन.

आजी: पिवळी खपली धरली तर जायचं. माझ्या पुतणीला झालं होतं, मधासारख्या रंगाची खपली. ते लाळेचं नव्हतं.

केतकी: ते जंतूंचं असतं. त्याला औषध लागतं, आणि त्याची लागण इतर मुलांनाही होते.

आजींची ही खूण अगदी नेमकी आहे. तिला आणखी थोडी जोड देते. गळ्याच्या वळीत गडद लाल, ओलसर चट्टा आणि त्याच्या भोवती सुटे लाल ठिपके असतील तर बुरशीचा संशय घ्यावा. तिथे नुसत्या जेलीने भागत नाही. पुरळ गालांवरून कपाळावर, कोपरापुढे, पोटऱ्यांवर गेलं, बाळ झोपेत खाजवू लागलं, तर तो एक्झिमा असू शकतो, आणि लाळ त्याला नुसती चेतवत असते. पाणी भरलेले फोड आले, पू आला, रक्त आलं, किंवा आठवडाभर नीट काळजी घेऊनही पुरळ तसंच राहिलं, तर बाळ दाखवावं.

आणि ताप. आपल्याकडे ताप आला, जुलाब झाले, की दाताचं म्हणून सोडून देतात. पीडियाट्रिक्स या मासिकात 2016 मध्ये 16 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दात येताना प्रामुख्याने हिरड्यांचा त्रास, चिडचिड आणि लाळ दिसते. अंग किंचित कोमट लागतं, पण खरा ताप येत नाही, असं त्यातून दिसलं. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. एरवी लाळ न गळणारं बाळ अचानक लाळ गाळू लागलं, गिळेना, घशातून आवाज काढू लागलं, श्वासाला त्रास होऊ लागला, तर थांबू नये, त्याच क्षणी रुग्णालयात न्यावं.

केतकी: हिरड्या शिवशिवतात तेव्हा मध चोळू का थोडा? परवा एक आजी सांगत होत्या.

आजी: आम्ही गुटी मधातच द्यायचो.

केतकी: वर्षाच्या आत मध नको म्हणतात. त्यातून एका जंतूचे बीजकण पोटात जातात आणि त्यांचं विष बाळाच्या नसांवर येतं.

आजी: नको तर नको. बोट स्वच्छ धुऊन हिरडीवर फिरव, तेच त्याला आवडतं.

केतकी: आणि ती बधिर करणारी जेल मिळते ती?

इथे मीच उत्तर देते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नका असं सांगितलं, कारण तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. लाळेबरोबर ती जेल तशीही मिनिटभरात धुऊन जाते. फ्रिजमध्ये गार केलेलं, गोठवलेलं नव्हे, स्वच्छ ओलं फडकं चावायला दिलं तर बाळाला खरंच बरं वाटतं.

पाच-सहा दिवसांनी केतकीचं म्हणणं असं होतं, की हनुवटी खरखरीत आहे पण लाल नाही. गळ्याची वळी पूर्ण बरी. लाळ तेवढीच. एक लाळेऱ्यांची दोरी पंख्याखाली कायमची बांधली गेली.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती, विशेषतः ज्यांच्या घरी सध्या बाळ नाही आणि जे दुसऱ्याचं बाळ बघायला जाणार आहेत त्यांना. बाळाचा गालगुच्चा घेऊ नका, तोंडाचा पापा घेऊ नका. सोललेल्या हनुवटीवर तुमचं अत्तर आणि लिपस्टिक झोंबते. तुमच्या ओठावर पाण्याचे फोड आले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत जाऊच नका. त्या फोडांमागचा विषाणू बाळासाठी गंभीर ठरू शकतो. हात साबणाने धुवा, पाय धरून बाळाशी बोला, आणि तोंडाभोवती लाल दिसलं तरी बाळाच्या आईला उपाय सांगू नका. न्यायचंच असेल काही, तर जुन्या मऊ सुती साडीची धुतलेली चार लाळेरी शिवून न्या.